रक्ताची काच वाचताना: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत गोचीड, ताप आणि रक्ततपासणी हे विषय हमखास वाढतात. या वेळची बरीच पत्रं थेट मायक्रोस्कोपखालच्या काचेबद्दल आहेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण तिथे थोडक्यात सांगून भागणारं नव्हतं.

प्रश्न: जूनपासून गाई-म्हशींच्या रक्ताच्या काचा तपासतो आहे. जवळपास प्रत्येक काचेत तांबड्या पेशींमध्ये चमकणारे गोल ठिपके दिसतात. थायलेरिया (गोचिडांमुळे होणारा रक्तातला परजीवी) म्हणावं, तर ताप नसलेल्या जनावरांतही तेच दिसतं. हे नक्की काय आहे?
(पशुधन पर्यवेक्षक, राजापूर)

उत्तर: तुमच्या वर्णनावरून हे परजीवी नाहीत, ओलाव्याचे डाग आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात रक्ताच्या काचेचं सगळ्यात जास्त नुकसान हवेतल्या ओलाव्यामुळे होतं. लेप, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, सावकाश सुकला, किंवा ज्या मिथेनॉलमध्ये काच बुडवली त्यात पाणी मुरलेलं असलं, की तांबड्या पेशींत पोकळ, चमकदार जागा तयार होतात. कधी एक ठसठशीत भोक दिसतं, कधी पेशी कुरतडल्यासारखी दिसते.

ओळखायची खूण फोकसच्या स्क्रूत आहे. शंभराच्या ऑब्जेक्टिव्हखाली (शंभर पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली) बारीक स्क्रू पुढेमागे करा. ओलाव्याचा ठिपका एका बाजूला उजळतो, दुसऱ्या बाजूला काळा पडतो आणि त्याला स्वतःचा रंग नसतो. परजीवी पेशीच्याच पातळीत फोकस होतो आणि त्याला रंग असतो. थायलेरियाच्या कडीत तांबूस-जांभळा केंद्रकाचा ठिपका आणि त्याला चिकटून फिकट निळं पेशीद्रव दिसलं पाहिजे. हे दोन रंग दिसत नाहीत तोवर रिपोर्टात थायलेरिया लिहू नका.

उपाय काच ओढल्याच्या क्षणापासून सुरू होतो. लेप काही सेकंदांत सुकला पाहिजे. काच हातात धरून जोरात हलवा, नाहीतर हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून काचेच्या मागच्या बाजूनं वारा द्या. गरम हवा नको, तिनं पेशी आक्रसतात. फ्रीजमधली ट्यूब काढून लगेच लेप करू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीसुलटी करून मगच थेंब घ्या. काचही गार नको, गार काचेवर दव धरतं.

मिथेनॉल ॲसिटोनविरहित घ्या. मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून घ्या आणि मोठी बाटली घट्ट बंद ठेवा. झाकण उघडं राहिलेल्या बरणीतलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि शेकडा तीन ते पाच भाग पाणी पेशी बिघडवायला पुरेसं असतं. पावसाळ्यात कॉप्लिन जारमधलं (काचा उभ्या बुडवायच्या बरणीतलं) मिथेनॉल रोज बदला. हे खर्चिक वाटेल, पण खराब काचेवरून चुकीचं औषध दिलं गेलं तर खर्च त्याहून मोठा होतो. लिशमन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंगही, मिथेनॉलमध्येच बनवलेला असतो, म्हणून त्याच्या बाटलीलाही हाच नियम.

लेप सुकल्यावर तासाभराच्या आत मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटं पक्का करा. तसाच उघडा ठेवला तर मुंग्या, माश्या आणि झुरळं तो खाऊन टाकतात. काचेवर लेपाचे मधलेच तुकडे गेलेले दिसले तर कारण बहुधा हेच. आणखी एक गोष्ट: फॉर्मॅलिनमधले अवयवांचे नमुने आणि रक्ताच्या काचा एकाच पिशवीतून कधीही पाठवू नका. फॉर्मॅलिनच्या वाफेनं लेप निळसर-हिरवट होतो आणि त्याला पुन्हा नीट रंग चढत नाही.

शंका उरली तर ठणठणीत जनावराच्या रक्ताची एक काच त्याच वेळी, त्याच मिथेनॉलमध्ये आणि त्याच रंगात करा. तिच्यातही तेच ठिपके असतील तर दोष जनावरात नाही, तुमच्या पद्धतीत आहे.

प्रश्न: मी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) केलं आहे आणि माणसांच्या लॅबमध्ये काम करते. आता जवळच्या पशुवैद्यांकडून कुत्रे, गाई, शेळ्यांचे नमुने येऊ लागले आहेत. माणसांच्या काचा सराईतपणे वाचते, पण इथे गोंधळ होतो. कुठून सुरुवात करू?
(वाचक, चिपळूण)

उत्तर: काचेवर नंबर घालता तशीच जनावराची जात (गाय, शेळी, कुत्रा) लिहा. जात ठाऊक नसताना काच वाचायला घेऊच नका. एका जातीत जे रोगाचं लक्षण, तेच दुसऱ्या जातीत रोजचं असू शकतं.

तांबड्या पेशीपासून सुरू करू. कुत्र्याची पेशी साधारण ७ मायक्रॉनची, मध्ये ठळक फिकट भाग. माणसाच्या पेशीच्या सगळ्यात जवळची हीच, म्हणून सराव कुत्र्याच्या काचेवर करा. गाईची पेशी साडेपाच मायक्रॉनच्या आसपास आणि मधला फिकटपणा जेमतेम. मांजराची त्याहून किंचित मोठी. मेंढीची साडेचार. शेळीची सगळ्यात लहान, तीन ते चार मायक्रॉन, आणि तिच्यात मधला फिकट भाग जवळपास नसतोच. शेळीची काच पहिल्यांदा पाहणाऱ्याला सगळ्या पेशी स्फेरोसाइट, म्हणजे फिकट भाग गेलेल्या गोळीसारख्या पेशी, वाटतात. त्या तशा नाहीत. स्फेरोसाइट हा शब्द खात्रीनं वापरावा तो कुत्र्याच्या काचेपुरता, कारण फिकट भाग नाहीसा झाला हे तिथेच कळतं. करडांमध्ये वाकड्यातिकड्या, टोकदार पेशी दिसणंही नेहमीचं आहे, त्यावरून लगेच रोग ठरवू नका.

घोड्याच्या आणि मांजराच्या रक्तात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून रांगा करतात. गाईच्या रक्तात अशा रांगा जवळपास दिसत नाहीत. पक्ष्यांची गोष्टच निराळी, ती पुढे येते.

याचा थेट परिणाम तुमच्या काउंटर मशीनवर होतो. माणसाच्या तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर असतं. कुत्र्याचं ६० ते ७७, गाईचं ४० ते ६०, शेळीचं १६ ते २५. माणसांसाठी लावलेलं मशीन शेळीच्या तांबड्या पेशींना प्लेटलेट समजतं किंवा सोडूनच देतं. मग हिमोग्लोबिन बरं असूनही तांबड्या पेशी अगदी कमी आणि प्लेटलेट लाखोंनी जास्त असा रिपोर्ट बाहेर पडतो. जनावरांच्या सेटिंग असलेलं मशीन नसेल तर शेळी-मेंढीचे ते आकडे देऊ नका. पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा भाग शेकडा किती ते) आणि काच, या दोन गोष्टींवर रिपोर्ट द्या.

आता पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल हे त्यांचे प्रकार. कुत्र्यात न्यूट्रोफिल बहुसंख्य असतात, साधारण ६० ते ७७ टक्के. गाईत उलट, निरोगी मोठ्या गाईत लिम्फोसाइट ४५ ते ७५ टक्के. माणसांच्या सवयीनं वाचलं तर प्रत्येक गाय लिम्फोसाइट वाढलेली वाटेल.

जातीची ओळख सगळ्यात छान पटते ती इओसिनोफिलवरून. गाईच्या इओसिनोफिलमध्ये बारीक, गोल, एकसारखे आणि भडक कण खच्चून भरलेले असतात. घोड्यात तेच कण इतके मोठे की केंद्रक झाकलं जातं. मांजरात ते काडीसारखे लांबट. कुत्र्यात लहानमोठे मिसळलेले, फिकट, आणि मधे मधे रिकामी भोकं. ग्रेहाउंडमध्ये तर नुसती भोकंच दिसू शकतात आणि नवखा माणूस ती पेशी बिघडलेला न्यूट्रोफिल म्हणून मोजतो.

बेसोफिल गाईत गडद जांभळ्या कणांनी भरलेला असतो, चुकायचं कारण नाही. कुत्र्यात कण मोजकेच असतात. मांजरात ते फिकट राखी-जांभळे असल्यामुळे नजरेतून सुटतात. झटपट रंगाच्या तीन बाटल्यांच्या किटमध्ये कुत्र्याच्या बेसोफिलचे कण कधी कधी रंगतच नाहीत. तशी शंका आली तर दुसरी काच लिशमननं रंगवा.

लेपाचंही सांगते. दोन-तीन मिलिमीटरचा थेंब काचेच्या टोकापासून एक सेंटिमीटरवर. पसरवायची काच ३० ते ४५ अंशांत. पंडुरोग झालेल्या जनावराचं रक्त पातळ असतं, तिथे कोन वाढवा आणि हात जरा वेगानं न्या. शरीरातलं पाणी कमी झालेल्या जनावराचं रक्त घट्ट असतं, तिथे कोन कमी करा. लेप काचेच्या दोन तृतीयांश लांबीपर्यंत जाऊन पिसासारखा विरळ संपला पाहिजे. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या टोपीची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी. अर्धी भरलेली असेल तर ईडीटीए जास्त होतो आणि तांबड्या पेशींच्या कडा काटेरी होतात.

मोजणी कुठे करता यावर निकाल बदलतो. मोठ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट, लेपाच्या कडांना आणि टोकाला ओढल्या जातात. लिम्फोसाइट मध्ये राहतात. नुसत्या मधल्या पट्ट्यात शंभर पेशी मोजल्या की लिम्फोसाइट फुगतात. म्हणून पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या भागात कडेकडून आत, आतून कडेला असं नागमोडी जा. शंभर मोजायची पद्धत असली तरी दोनशे मोजलेल्या केव्हाही बऱ्या.

त्या भागात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर त्या वेगळ्या मोजा. शंभर पांढऱ्या पेशींमागे २५ अशा पेशी आल्या आणि मशीननं एकूण आकडा १५,००० दिला, तर खरा आकडा १५,००० गुणिले १०० भागिले १२५, म्हणजे १२,०००.

प्रश्न: गाईच्या काचेत मोठा लिम्फोसाइट आणि मोनोसाइट वेगळे कसे करायचे? प्रॅक्टिकलमध्ये दर वेळी इथेच मार्क जातात.
(पशुवैद्यकीय विद्यार्थी, परळ, मूळ गाव दापोली)

उत्तर: पाहण्याचा क्रम बदला. बहुतेक विद्यार्थी केंद्रकाच्या आकाराकडे आधी बघतात. गाईत त्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण मोठ्या लिम्फोसाइटच्या केंद्रकालाही खाच असते आणि मोनोसाइटचं केंद्रक कुठल्याही आकाराचं असू शकतं, अगदी गोलसुद्धा.

आधी पेशीद्रवाचा रंग बघा. लिम्फोसाइटचं स्वच्छ आकाशी असतं आणि त्यात एका बाजूला दोन-चार गुलाबी कण असू शकतात. ते कण गाईत नेहमीचे आहेत. मोनोसाइटचं पेशीद्रव राखी-निळं, धूसर, आणि कड वेडीवाकडी. मग केंद्रकाचा पोत बघा: लिम्फोसाइटमध्ये गडद गठ्ठे, मोनोसाइटमध्ये सैल जाळी. आकार सगळ्यात शेवटी.

पेशीद्रवातल्या पोकळ्यांवरून एकट्यानं मोनोसाइट ठरवू नका. ईडीटीएमध्ये रक्त काही तास पडून राहिलं की पोकळ्या इतर पेशींतही येतात. लेप रक्त काढल्यावर दोन-तीन तासांच्या आत करायचा तो त्यासाठीच.

बँड, म्हणजे कच्चा न्यूट्रोफिल आणि पट्टीसारख्या केंद्रकाचा मोनोसाइट यांतही हीच रीत. बँडचं पेशीद्रव फिकट गुलाबी किंवा रंगहीन, केंद्रकाच्या दोन्ही कडा समांतर आणि गठ्ठे गडद. पेशीद्रव निळसर झालं असेल, फेसाळ दिसत असेल आणि त्यात निळसर राखी ठिपके असतील, तर तो तीव्र दाहातला ‘टॉक्सिक’ बदल दाखवणारा न्यूट्रोफिल असू शकतो. ते ठिपके म्हणजे डोले बॉडी. मांजरात थोड्या डोले बॉडी निरोगीपणीही दिसतात.

परीक्षेत विचारलं जातं आणि गोठ्यातही उपयोगी पडतं असं एक: गाईच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा साठा थोडा असतो. त्यामुळे कासेचा जोरदार दाह किंवा पोटात तार टोचणं अशा तीव्र आजारात पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल वाढण्याऐवजी घटतात आणि उरलेल्यांत कच्चे जास्त दिसतात. कुत्र्याच्या हिशोबानं वाचणारा त्याला अतिगंभीर लक्षण समजेल.

प्रश्न: आमच्या संकरित गाईला ताप आला आणि लघवी लाल होते आहे. शेजारी म्हणतात गोचीडताप, इंजेक्शन देऊन टाका. काच तपासल्यानं काय वेगळं कळणार?
(दूध उत्पादक, सावंतवाडी)

उत्तर: कुठलं इंजेक्शन द्यायचं ते कळणार. गोचिडांमुळे होणारे तीन आजार आपल्याकडे एकाच नावानं ओळखले जातात, पण तिन्हींचं औषध एक नाही. डॉक्टरांना आजच बोलवा आणि इंजेक्शनच्या आधी काच घ्यायला सांगा. औषध गेल्यावर परजीवी काही तासांत दिसेनासे होऊ शकतात.

त्याआधी एक साधी तपासणी तुम्हीच करा. लघवी काचेच्या स्वच्छ ग्लासात घेऊन तासभर न हलवता ठेवा. तांबडा थर तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं, तर लघवीत अख्खं रक्त येतं आहे, म्हणजे मूत्रमार्गातला दोष. सगळी लघवी तळापासून वरपर्यंत तशीच लालसर-कॉफी रंगाची राहिली, तर रक्तातल्या पेशी फुटून त्यांचा रंग उतरतो आहे. डॉक्टरांना हे सांगितलंत तर त्यांचं अर्धं काम होईल.

पेशी फुटण्याच्या कारणांत बॅबेसिया हा परजीवी अग्रभागी. काचेत त्याच्या जोड्या दिसतात: एका तांबड्या पेशीत दोन थेंबाकार परजीवी, टोकाला जोडलेले, एकाच देठाला लागलेल्या दोन काजूबोंडांसारखे. बॅबेसिया बायजेमिना चार-पाच मायक्रॉन लांब असतो, म्हणजे गाईच्या जवळपास अख्ख्या पेशीभर, आणि दोघांतला कोन अरुंद. ग्रस्त पेशी लेपाच्या कडांना आणि पिसाच्या टोकाला जास्त सापडतात. लेपासाठी कानाच्या टोकाच्या बारीक वाहिनीतला थेंब चांगला. जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी, कारण ओलं स्पिरिट थेंबात मिसळलं की पेशी फुटतात.

थायलेरियात लघवी लाल होणं नेहमीचं नाही. तिथे चढा ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली, हे लक्षण मोठं. तांबड्या पेशींत त्याच्या अगदी बारीक कड्या, ठिपके, स्वल्पविराम आणि काड्या दिसतात, अर्ध्या ते दोन मायक्रॉनच्या. पण आजाराच्या सुरुवातीला त्या नसतातही. तेव्हा सुजलेल्या गाठीतून सुईनं थेंब घेऊन काच करावी. लिम्फोसाइटच्या पेशीद्रवात जांभळ्या ठिपक्यांचे निळसर पुंजके दिसले तर ते कॉखचे निळे पिंड, आणि थायलेरिया नक्की. संकरित गाई या आजारानं जास्त आजारी पडतात, देशी गुरं तो बऱ्यापैकी सोसतात.

तिसरा ॲनाप्लाझ्मा. जनावर फिकं पडतं, पिवळं होतं, पण लघवी लाल होत नाही. तांबड्या पेशीच्या कडेला चिकटलेला एकच गडद ठिपका, ०.३ ते १ मायक्रॉनचा, त्याला निळं पेशीद्रव नसतं. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून हे तुमच्या डॉक्टरांसाठी लिहितो. हॉवेल-जॉली पिंडही (तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा) गोल आणि गडद असतो, पण तसे पिंड मोजक्याच पेशींत सापडतात आणि कडेलाच असतील असं नाही. एका पेशीत निळ्या ठिपक्यांची बारीक रांगोळी दिसली तर ते पंडुरोगातून सावरणाऱ्या गाईचं लक्षण, परजीवी नव्हे. आणि स्टेनचा गाळ असेल तर तो पेशींच्या बाहेरही पडलेला असतो आणि पेशींच्या वरच्या पातळीत फोकस होतो.

काच कोरी निघाली म्हणून गोचीडताप नाही असं होत नाही. थोड्या परजीवींचं जनावर काचेत निसटतं, तिथे पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी उपयोगी. उलट, बऱ्या झालेल्या आणि नीट खाणाऱ्या गाईत हजार पेशींत एखादा थायलेरिया सापडला, तर तेवढ्यावरून औषध देणं बरोबर नाही. ते रक्तात महिनोन्‌महिने राहतात.

विण्याच्या आसपास म्हशीची किंवा गाईची लघवी लाल झाली, ताप नाही, काच कोरी, तर फॉस्फरसच्या कमतरतेचा विचार आधी करावा. लेप्टोस्पायरा हेही कारण असतं. ते जंतू लघवीतून माणसाला लागतात आणि कोकणात पावसात शेतावर अनवाणी उतरणाऱ्यांना त्याचा धोका सगळ्यांना माहीत आहे. लघवी हाताळताना हातमोजे घाला.

गोचीड हाच बॅबेसियाचा वाहक असतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांवर सिद्ध केलं. एखादा रोग कीटकासारख्या सांधेपाद जीवानं पसरतो याचे ते सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक. तेव्हा गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. काढलेले गोचीड बोटांत चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती, आणि तो तापही गोचिडांमुळेच पसरतो.

प्रश्न: कोंबड्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर. पिल्लं तर चांगली आहेत. एवढा आकडा शक्य आहे का?
(कुक्कुटपालक, माणगाव)

उत्तर: मशीननं पेशी चुकीच्या मोजल्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी अंडाकृती, साधारण १२ बाय ७ मायक्रॉनच्या, आणि त्यांना केंद्रक असतं. प्लेटलेटच्या जागी असणाऱ्या थ्रॉम्बोसाइटलाही केंद्रक असतं. मशीन या साऱ्यांना पांढऱ्या पेशी धरतं. कोंबडीची मोजणी हातानंच करावी लागते.

काचेत थ्रॉम्बोसाइट आणि छोटा लिम्फोसाइट यांची गल्लत होते. थ्रॉम्बोसाइटचं पेशीद्रव रंगहीन, पारदर्शक, एखाददुसरी पोकळी किंवा टोकाला लाल कण असलेलं, आणि ते पुंजक्यांनी असतात. लिम्फोसाइटचं पेशीद्रव निळं. न्यूट्रोफिलच्या जागी पक्ष्यांत हेटरोफिल असतो, विटकरी रंगाच्या टोकदार कणांचा. इओसिनोफिलचे कण गोल. लेप पंखाखालच्या शिरेतून घ्या, आणि काच ओढताना दाब अजिबात देऊ नका. पक्ष्यांच्या पेशी चटकन फुटतात आणि सुटी केंद्रकं गुलाबी डागांसारखी पसरतात. पकडताना कोंबडीची फार पळापळ झाली तर काही तासांत हेटरोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, तेव्हा रक्त पकडल्या पकडल्याच घ्या.

प्रश्न: कुत्र्याच्या प्लेटलेट मशीनवर ४०,००० आल्या. डॉक्टर म्हणाले काच बघितल्याशिवाय घाबरू नका. काच काय सांगते?
(वाचक, रत्नागिरी)

उत्तर: डॉक्टरांचं बरोबर आहे. रक्त काढायला वेळ लागला की प्लेटलेटचे गोळे होतात आणि मशीन ते मोजत नाही. आधी दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली पिसाच्या टोकाकडे बघायचं. तिथे गोळे असतील तर ४०,००० या आकड्याला अर्थ नाही, नमुना पुन्हा घ्यावा.

गोळे नसतील तर शंभराखाली, पेशी एका थरात असलेल्या भागात, दहा फील्डमधल्या प्लेटलेटची सरासरी काढतात आणि तिला १५,००० नं गुणतात. कुत्र्यात दर फील्डला आठ-दहा तरी हव्यात. दोन-तीनच असतील तर घट खरी.

घट खरी असेल आणि अंगावर गोचीड असतील तर एर्लिकिया या गोचिडांतून येणाऱ्या जंतूचा संशय येतो. मोनोसाइटमध्ये त्याचा गच्च जांभळा पुंजका दिसतो, पण तो काचेत सापडणं विरळा, त्यामुळे न सापडल्यानं एर्लिकिया नाही असं ठरत नाही. त्याच काचेत न्यूट्रोफिलमध्ये लांबट, फिकट निळी कुपी दिसली तर ती हेपॅटोझून या परजीवीची. तांबड्या पेशींत एक ते तीन मायक्रॉनच्या कड्या म्हणजे बॅबेसिया गिब्सोनी. आणि पिसाच्या टोकाला लांब, वळलेल्या दोऱ्यासारख्या मायक्रोफायलेरिया, म्हणजे कृमींच्या अळ्या सापडतात. त्या आधी ओल्या थेंबात बघाव्यात, हलताना पटकन दिसतात.

प्रश्न: ओल्या थेंबाची तपासणी जनावरांतही करावी का?
(वाचक, देवगड)

उत्तर: येऊन जाऊन ताप येणाऱ्या, वजन उतरत चाललेल्या जनावरात जरूर. सर्रा रोगाचा परजीवी ट्रायपॅनोसोमा पेशींच्या बाहेर असतो. ताज्या रक्ताचा थेंब, त्यावर कव्हरस्लिप, चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह आणि कंडेन्सर थोडा खाली. परजीवी स्वतः दिसण्याआधी त्याच्या धक्क्यानं वळवळणाऱ्या तांबड्या पेशी दिसतात. हे काम गोठ्याजवळच, काही मिनिटांत व्हायला हवं. पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या की हा रोग ध्यानात ठेवावा. हा ट्रायपॅनोसोमा ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. रोग निर्माण करणारा असा ओळखला गेलेला तो पहिला ट्रायपॅनोसोमा.

प्रश्न: माझ्या काचा कधी निळ्याशार होतात, कधी नुसत्या गुलाबी. स्टेन तोच, बाटली तीच.
(प्रयोगशाळा सहायक, अलिबाग)

उत्तर: स्टेन तोच असला तरी पाणी रोज एक नसतं. रंगाची छटा बफरच्या, म्हणजे आम्ल-अल्कली प्रमाण (पीएच) कायम राखणाऱ्या द्रावणाच्या पीएचवर ठरते. सर्वसाधारण पेशींसाठी पीएच ६.८, परजीवी शोधायचे असतील तर ७.२. विहिरीचं किंवा नळाचं पाणी सोडा. बफरच्या गोळ्या मिळतात, त्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा.

लिशमनची रीत अशी: न पक्का केलेल्या लेपावर (लिशमनमधलं मिथेनॉलच तो पक्का करतं) आठ-दहा थेंब स्टेन, दोन मिनिटं थांबा. मग दुप्पट बफर घालून फुंकर मारून मिसळा आणि सात ते दहा मिनिटं ठेवा. वर धातूसारखी तवंगाची साय धरते. धुताना काच तिरकी करून स्टेन ओतून टाकू नका, नाहीतर ती साय लेपावर बसते आणि पुढे कोणीतरी तिला ॲनाप्लाझ्मा म्हणतं. काच आडवी ठेवूनच वरून बफरचा प्रवाह सोडा म्हणजे साय तरंगत निघून जाईल. गिम्सा हा दुसरा स्टेन असेल तर एक भाग स्टेन, नऊ भाग बफर, अर्धा तास. मिसळलेला गिम्सा दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही.

काच निळी झाली तर लेप जाड, वेळ जास्त, धुणं कमी किंवा पाणी अल्कली. गुलाबी झाली तर पाणी आम्ल, वेळ कमी किंवा धुणं जास्त. खात्री करायची सोपी जागा म्हणजे इओसिनोफिल. त्याचे कण नारिंगी-लाल आणि लिम्फोसाइटचं केंद्रक जांभळं दिसलं की रंग जमला.

प्रश्न: मायक्रोस्कोपच्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलं आहे. पुसून जात नाही.
(वाचक, वेंगुर्ला)

उत्तर: ती बुरशी आहे, आणि बहुधा लेन्सच्या आत. बाहेरून घासू नका, आवरण निघेल. उघडून साफ करणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं काम. उशीर केला तर काचेवर कायमचे चरे उरतात.

पुढे होऊ नये म्हणून काम संपल्यावर शंभराच्या ऑब्जेक्टिव्हवरचं तेल लेन्स पेपरनं रोज टिपा. प्लॅस्टिकच्या टोपीखाली मायक्रोस्कोप झाकून ठेवण्यात ओल आत कोंडते. त्यापेक्षा बंद लाकडी कपाट, त्यात सिलिका जेल, आणि पावसाळ्यात शक्य असेल तर दिवसरात्र जळणारा कमी वॅटचा साधा बल्ब. एलईडी चालणार नाही, त्याची ऊब पुरत नाही. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून परत निळं करून घ्या. रंगवलेल्या काचाही याच कपाटात, उजेडापासून दूर ठेवा. काचेच्या मागच्या बाजूला जनावराची जात, तारीख आणि स्टेनचं नाव डायमंड पेन्सिलनं कोरा. मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.